डोक्यावरचे आकाश संध्याकाळी निळेच का राहते?

बीडहून परळीकडे निघालो की वाटेत वडवणी लागते. तालुक्याचे गाव. भोवती कापूस-ज्वारीची राने आणि थोड्या अंतरावर बालाघाटच्या उघड्याबोडक्या टेकड्या. मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी तिथल्या काही विद्यार्थ्यांबरोबर एका टेकाडावर बसण्याचा योग आला. विषय होता आकाशाचे रंग. मी ठरलेले उत्तर ठरलेल्या पद्धतीने सांगितले. दुपारी सूर्याचा प्रकाश थोड्या हवेतून येतो, हवा निळा रंग चहूकडे उधळते, म्हणून आकाश निळे. संध्याकाळी प्रकाश पुष्कळ हवेतून येतो, वाटेतच निळा संपतो, लाल उरतो, म्हणून मावळती लाल. मुलांनी माना डोलावल्या.

एवढ्यात सूर्य टेकडीआड गेला आणि नववीतली एक मुलगी मान वर करून म्हणाली, "सर, मावळतीकडं लाल आहे ते समजलं. पण मग डोक्यावर निळं कसं काय? वरच्या हवेवर पडणारा उजेड पण आता तिरपा, लांबूनच आला असंल ना?"

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न साधा नाही. विज्ञानाला त्याचे उत्तर १९५३ साली मिळाले. पाठ्यपुस्तकात जे असते ते चूक नाही, पण ते अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावर असतो. त्या मुलीच्या प्रश्नापर्यंत पोहोचायचे तर आधी दिवसाच्या आकाशाचा हिशोब नीट मांडला पाहिजे.

सुरुवात चुलीपासून करू. तुमच्या घरी किंवा शेजारी चूल पेटत असेल तर तिचा धूर लक्ष देऊन पाहा. अंधाऱ्या दाराच्या पार्श्वभूमीवर तो निळसर दिसतो. तोच धूर छपरावर जाऊन उजळ आकाशासमोर आला की पिवळट, तपकिरी दिसू लागतो. धूर एकच, मग रंग दोन कसे? पहिल्या वेळी धुराच्या कणांनी बाजूला उधळलेला प्रकाश आपण पाहतो. दुसऱ्या वेळी धुरातून आरपार आलेला, म्हणजे उधळणीतून उरलेला प्रकाश पाहतो. उधळलेल्यात निळा जास्त असतो आणि म्हणून उरलेल्यात तो कमी असतो. हा फरक लिओनार्दो दा व्हिन्चीनेही टिपून ठेवला होता, आणि आकाशाच्या निळाईशी त्याचा संबंध जोडला होता.

घरी धूर नसेल तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने पांढरा उजेड देणारी बॅटरी लावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसेल. समोरून बॅटरीकडे पाहिले तर तिचा दिवा पिवळा-नारिंगी दिसेल. थेंब वाढवत गेलात तर शेवटी सगळेच पांढरे होईल. ते का, हे पुढे येईल.

प्रकाशाच्या या उधळणीला आपल्या पुस्तकांत विकिरण म्हणतात. १८७१ साली इंग्लंडमधले जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच पुढचे लॉर्ड रॅले, यांनी त्याचा नियम सांगितला. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान अशा कणांकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर, तांबड्याची सुमारे ६५०. भागाकार करून चौथा घात काढा, उत्तर चारपेक्षा थोडे जास्त येते. म्हणजे तांबडा एकपट उधळला जातो तेव्हा निळा चौपटीहून अधिक.

जांभळ्याची तरंगलांबी तर आणखी कमी, मग आकाश जांभळे का नाही? कारण सूर्यप्रकाशात जांभळा मुळातच कमी आहे, त्यातला काही वरच्या हवेत अडतो, आणि आपला डोळा जांभळ्यापेक्षा निळ्याला जास्त दाद देतो. तिन्हींचा मिळून निकाल निळ्याच्या बाजूने लागतो.

हे लहान कण कोणते? प्रथम धूळ किंवा पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असावेत असे वाटे. १८९९ साली रॅले यांनीच दाखवले की हवेचे रेणू एवढ्या कामाला पुरेसे आहेत, धुळीची गरज नाही. त्या हिशोबात त्यांनी एक गंमतीदार पुरावा वापरला. दार्जिलिंगजवळून सुमारे १०० मैलांवरचे एव्हरेस्ट शिखर बऱ्यापैकी उजळ दिसते. मधली एवढी हवा शिखराचा प्रकाश किती खाते यावरून हवेच्या विकिरणाचा अंदाज बांधता येतो. वडवणीला एव्हरेस्ट नाही, पण बालाघाट आहे. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी जवळची टेकडी हिरवी, तिच्यामागची निळसर आणि सर्वांत मागची जवळजवळ आकाशाच्याच रंगाची दिसते. तो डोंगराचा रंग नव्हे, मधल्या हवेचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात त्यातले निम्मे श्रेय हवेला द्यायला हरकत नाही.

रंगाच्या या प्रश्नाचा एक धागा मुंबईच्या बंदरातूनही जातो. दर वर्षी २८ फेब्रुवारीला तुमच्या शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन होतो, तो रामन परिणामाच्या शोधाबद्दल, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या शोधाच्या सात वर्षे आधी, १९२१ साली, चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून 'नरकुंडा' या बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते थबकले. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे खुद्द रॅले यांचे मत होते. रामन यांनी ध्रुवण करणारा निकोल लोलक डोळ्याला लावून पृष्ठभागावरचे प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे केले. निळा रंग गेला नाही, उलट खुलला. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे त्यांचे पत्र 'नेचर' या नियतकालिकासाठी तयार होते. पाण्याचे रेणूही हवेच्या रेणूंसारखाच प्रकाश उधळतात, असे त्यांचे म्हणणे. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते याचाही त्या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज आपण जाणतो.) द्रवातल्या विकिरणाचा हा नाद त्यांनी सोडला नाही, आणि १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याच वाटेवर.

आता हिशोबाला लागू. सूर्य अगदी माथ्यावर असताना प्रकाश सर्वांत कमी हवेतून येतो. वडवणी सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य तिथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या अखेरीस. (जुलैमधला दिवस बहुधा ढगांत जातो.) या हवेला आपण 'एक थर' म्हणू. हवा पूर्ण स्वच्छ असेल तर एका थरातून निळ्याचे १०० भागांपैकी सुमारे ८० सरळ खाली येतात आणि तांबड्याचे सुमारे ९५. निळ्याचे जे २० भाग वाटेत उधळले गेले त्यांचेच आपले निळे आकाश.

सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला की दोन थर ओलांडावे लागतात. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. सूर्य क्षितिजावर एक मूठ उरला की साडेपाच थर. आणि अगदी टेकला की सुमारे ३८ थर!

पाटाच्या पाण्यासारखेच हे. विहिरीजवळच्या वाफ्याला पाणी भरपूर मिळते. पाट जितका लांब तितके वाटेत मुरते आणि शेवटच्या वाफ्याला ओल तेवढी पोहोचते. फक्त इथे प्रत्येक टप्प्याला उरलेल्यातला पाचवा हिस्सा जातो, म्हणजे चक्रवाढ व्याज उलटे लावल्यासारखे. ०.८० चा ३८ वा घात काढा. निळ्याच्या सुमारे पाच हजार भागांतला एकच भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. तांबड्यासाठी ०.९५ चा ३८ वा घात काढा. शंभरातले १४ भाग शाबूत राहतात. दुपारी ८० ला ९५ असा किरकोळ फरक होता, मावळतीला तो काही शेपट झाला. म्हणून मावळता सूर्य तांबडा. आपण ज्याला 'तांबडं फुटलं' म्हणतो ते हेच गणित पहाटे उलट दिशेने सुटताना. झुंजूमुंजू, तांबडं, मग फटफटणे, मग दिवस कासराभर वर येणे: वर्णपटाचे नाव न घेता आपल्या माणसांनी थरांचा क्रम भाषेत बरोबर लावून ठेवला आहे.

एप्रिल-मेच्या दुपारी मात्र वडवणीचे आकाश निळे कमी आणि पांढरट जास्त दिसते. सूर्याभोवती तर नुसता डोळे दिपवणारा पांढरा पसारा. ही धूळ. नांगरून पडलेली काळी राने, कोरडा वारा आणि गाडीरस्ते यांची बारीक माती दिवसभर वर तरंगते. तिचे कण रेणूंच्या मानाने प्रचंड, प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे. असे कण सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात आणि सगळे रंग मिळाले की पांढरा. जास्त दूध घातलेला पेला पांढरा होतो तो बहुतांशी वेगळ्या कारणाने, प्रकाश पुन्हा पुन्हा उधळला गेल्याने. पण ढग पांढरे दिसतात ते धुळीसारख्याच न्यायाने. ढगाचे थेंब धुळीच्या कणांपेक्षाही मोठे असतात. पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की हवा धुऊन निघते, आणि उघडीप मिळाली तर आकाश असे निळे होते की उन्हाळ्यातले हेच का, असा प्रश्न पडावा. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला तो रंग किती आनंदाचा वाटतो, हे वेगळे सांगायला नको. पण त्या रंगाने कळते ते हवेत काय नाही एवढेच. पुढे पाऊस येणार की नाही, हे त्यात लिहिलेले नसते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते वडवणीत पेरणीशी जोडलेले आहे. इंग्रजी पुस्तकांतून आलेली एक समजूत आपल्याकडेही सांगितली जाते. संध्याकाळी आकाश लाल तर उद्या हवा चांगली, सकाळी लाल तर पाऊस. युरोपात हे बरेचसे जुळते, कारण तिथले हवामान बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. मावळती स्वच्छ आणि लाल दिसली तर येणारी हवा कोरडी आहे असा अर्थ निघतो. आपल्याकडे पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात आणि मराठवाड्याच्या पावसात त्यांचा मोठा हात असतो. तेव्हा मावळती लाल असो की पिवळी, उगवतीकडून काय येते आहे ते तिला कसे समजणार? इंग्लंडच्या आकाशाचा नियम बीडच्या आकाशाला लावून कोणी बियाणे मातीत घालू नये.

आता त्या मुलीचा प्रश्न. सूर्य बुडाला. जमिनीवर सावली पडली, पण वरच्या हवेवर अजून ऊन आहे. हे ऊन आपल्या पश्चिमेला दूर कुठेतरी पृथ्वीला घासून आलेले असते. खालून आलेल्या किरणांतला निळा तर संपलेलाच आणि वरून आलेल्यांतलाही काही गेलेला. असा निळा गमावलेला प्रकाश डोक्यावरच्या हवेवर पडला, हवेने त्यातला निळा पुन्हा पसंतीने उधळला, तरी जमा-वजाबाकी होऊन रंग फिकट करडा आणि थोड्या वेळाने पिवळसर व्हायला हवा. पण प्रत्यक्षात माथ्यावरचे आकाश संधिप्रकाशात दुपारपेक्षाही गडद निळे होते. मुलीची शंका रास्त होती!

अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतले ई. ओ. हलबर्ट यांनी १९५३ साली याचा हिशोब मांडला. नुसत्या विकिरणाने उत्तर जुळेना. त्यांनी ओझोन हिशोबात घेतला आणि जुळले. ओझोनचे नाव आपण ऐकतो ते अतिनील किरण अडवणारा वायू म्हणून. पण तो दिसणाऱ्या प्रकाशातलाही थोडा भाग शोषतो, तो नेमका पिवळ्या-नारिंगी पट्ट्यातला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्वी यांनी हे १८८० साली नोंदवले होते. दुपारी प्रकाश ओझोनचा थर सरळ छेदून जातो, त्यामुळे हे शोषण नगण्य असते. सूर्य मावळताना मात्र तोच प्रकाश जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरच्या या थरातून आडवा, काही शे किलोमीटर, जातो. पिवळा-नारिंगी तिथे गाळला जातो आणि शिल्लक राहतो त्यात निळ्याचे पारडे पुन्हा जड होते. हलबर्ट यांच्या हिशोबाप्रमाणे सूर्यास्ताच्या वेळी माथ्यावरच्या निळाईत विकिरणाचा वाटा सुमारे एक-तृतीयांश आणि ओझोनचा दोन-तृतीयांश. दुपारचा निळा आणि दिवेलागणीचा निळा, डोळ्याला सख्खे भाऊ वाटणारे, पण त्यांचे वाडे वेगळे.

मी त्या संध्याकाळी हे सगळे सांगू शकलो नाही, कारण मुले तोवर पूर्वेकडे वळली होती. तिकडे क्षितिजाला लागून एक करडा-निळा पट्टा वर येत होता आणि त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा. "ढग आले," एक जण म्हणाला. ते ढग नव्हते. ती पृथ्वीची सावली होती, हवेवर पडलेली. स्वच्छ दिवशी, पूर्वेला मोकळे क्षितिज असेल तर सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटे ती रोज दिसते. आपण सगळे पश्चिमेकडे पाहत बसतो म्हणून चुकते, एवढेच.

ही सावली किती उंच चढली ते दहावीतला विद्यार्थीही काढू शकेल. वडवणीच्या अक्षांशावर मार्चमध्ये सूर्य तासाला साधारण १४ अंश खाली जातो. सूर्यास्तानंतर १२-१३ मिनिटांनी तो ३ अंश खाली असतो आणि डोक्यावरची सुमारे ९ किलोमीटरपर्यंतची हवा सावलीत गेलेली असते. २५ मिनिटांनी ६ अंश, ३५ किलोमीटर. आणखी १३ मिनिटांनी ९ अंश, ८० किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घ्या, तिला त्या कोनाच्या कोसाइनने भागा आणि त्रिज्या वजा करा. म्हणजे संधिप्रकाशाचा प्रत्येक मिनिट आपल्याला हवेचा अधिक वरचा भाग दाखवत जातो. प्रकाश हळूहळू कमी होण्याऐवजी मध्येच थबकला, तर त्या उंचीवर धूळ आहे असे समजायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संधिप्रकाश मोजणारे प्रकाशमापक याच युक्तीने वापरले गेले आहेत. फुगा नाही, रॉकेट नाही. माथ्याकडे रोखलेली नळी, गाळणी, प्रकाश मोजणारा घटक आणि घड्याळ.

वरची धूळ ही कधी कधी फार दुरून येते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. सप्टेंबरमध्ये मद्रासला लोकांनी हिरवट सूर्य पाहिला आणि तिथल्या वेधशाळेने त्याची नोंद केली. सगळे कण जवळजवळ एकाच आकाराचे आणि प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचे असले की रॅलेंचा नियम लागत नाही आणि कधी तांबडाच जास्त अडतो. नोव्हेंबरपर्यंत ही धूळ आणि गंधकी धुके जगभर पसरले, आणि अमेरिकेतल्या काही गावांत संध्याकाळची लाली पाहून कुठे तरी आग लागली म्हणून बंब धावले. फिलिपाइन्समधला पिनातुबो जून १९९१ मध्ये फुटल्यावरही जगभर अशा संध्याकाळी दिसल्या. मंगळावर तर धुळीचेच राज्य. तिथे दिवसा आकाश पिवळट-तपकिरी आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर दिसते. 'क्युरिऑसिटी' यानाने एप्रिल २०१५ मध्ये त्याचे रंगीत फोटो काढले आहेत.

हे सगळे तुम्ही स्वतः पाहावे, पण दोन सूचना. सूर्याकडे थेट पाहू नका, तो लाल झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका, तो रंग आपल्या मर्जीने दुरुस्त करतो. वहीत वेळ लिहा, माथा, पूर्व आणि पश्चिम अशा तीन जागांचे रंग आपल्या शब्दांत लिहा, वारा आणि धूळ लिहा. पहिल्या पावसाआधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस असे केलेत तरी वहीतला फरक शिक्षकांना दाखवण्याजोगा होईल.

टेकाडावरून उतरताना अंधार झाला होता आणि चंद्र वर आला होता. ती मुलगी पुन्हा मागे वळली. "सर, चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच ना? मग चांदण्यात पण आकाश निळं पाहिजे."

ते निळेच असते. इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून ते काळे-करडे भासते. कॅमेऱ्याचे झाकण काही सेकंद उघडे ठेवून पौर्णिमेच्या रात्री फोटो काढला तर त्यात निळे आकाश येते, आणि त्या निळ्यात चांदण्या.